ठिपके गेले, रोग राहिला

घरगुती मत्स्यपेटीतील माशांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटू लागले की दुकानाच्या गल्ल्यापासून शौकिनांच्या गप्पांपर्यंत सर्वत्र एकच उपाय सांगितला जातो आणि तो कमालीच्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. हा रोग प्रत्येक टाकीच्या पाण्यात दबा धरून बसलेलाच असतो आणि माशाला ताण आला की डोके वर काढतो, निळ्या औषधाचे चार थेंब टाकले की तो आटोक्यात येतो, आणि ठिपके दिसेनासे झाले की मासा बरा झाला असे समजून औषध थांबवावे, असा हा उपदेश असतो. त्यातील पहिले विधान अर्धसत्य आहे, दुसरे बहुतांशी निरुपयोगी आहे आणि तिसरे तर रोगाच्या स्वभावाच्या नेमके उलट आहे. तरीही हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, याचे कारण त्याप्रमाणे वागणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके खरोखरच गेलेले दिसतात. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीविरुद्ध वाद घालणे नेहमीच कठीण असते. म्हणून ते ठिपके म्हणजे काय आणि ते जातात म्हणजे कोठे जातात, हे आधी पाहणे भाग आहे.

गोड्या पाण्यातील माशांचा हा ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’, ज्याला शौकीन मंडळी ‘इक’ किंवा ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात, तो इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. या जीवाच्या सर्वांगावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या लयबद्ध हालचालीने तो पोहतो. अशा जीवांना रोमक आदिजीव म्हणतात. त्याच्या आयुष्याचे तीन टप्पे पडतात आणि उपचाराचा सगळा प्रश्न या टप्प्यांतील फरकावर उभा आहे. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या कातडीत किंवा कल्ल्यांत, बाह्यत्वचेच्या पेशींच्या थराखाली शिरून राहतो आणि तेथील पेशी व द्रव यांवर पोसला जाऊन अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाचा होतो. बाहेरून पांढरा ठिपका म्हणून दिसतो तो हाच, आपल्या पोकळीत बसलेला परजीवी आणि त्याच्याभोवती माशाच्या त्वचेने धरलेली सूज. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर अलगद खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाच्या अगदी कमी विवर्धनाखाली पाहिला, तर हा गोल जीव संथपणे स्वतःभोवती फिरताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखे वळलेले मोठे केंद्रक स्पष्ट ओळखू येते. निदानाला याहून निर्णायक खूण नाही, आणि एवढी सोपी तपासणी उपलब्ध असताना केवळ ‘ठिपके दिसले’ यावर औषधे ओतली जातात हे आश्चर्यच म्हणायचे. प्रजननकाळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडांवर नैसर्गिकपणे येणारे पांढरे, ओळीने बसलेले उंचवटेही अनेकदा याच रोगाच्या नावावर खपतात आणि धडधाकट माशावर विषारी रंगद्रव्यांचा मारा होतो.

दुसरा टप्पा माशाबाहेरचा आहे. पूर्ण वाढलेला परजीवी त्वचा फोडून आपणहून बाहेर पडतो, थोडा वेळ पोहतो आणि तळाच्या रेतीवर, गोट्यांवर, वनस्पतींच्या पानांवर किंवा थेट काचेवर चिकटून स्वतःभोवती चिकट आवरणाची पुटी बनवतो. या पुटीत त्याचे पुनःपुन्हा विभाजन होते आणि एका जीवापासून काही शेकडा, कधी हजारापर्यंत पिले तयार होतात. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे काम एका दिवसाच्या आत उरकते. मग पुटी फुटते आणि तिसरा टप्पा सुरू होतो: मिलिमीटरच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढी, नासपतीच्या आकाराची, वेगाने पोहणारी पिले नव्या माशाच्या शोधात निघतात. त्यांना मासा मिळाला नाही तर उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत ती मरतात. २४ ते २६ अंश तापमानात हे संपूर्ण चक्र चार ते सहा दिवसांत पूर्ण होते. पाणी १० अंशांपर्यंत थंड असेल तर त्यालाच महिन्याहून अधिक काळ लागतो.

या तीन टप्प्यांपैकी घरगुती टाकीत वापरता येण्याजोगे कोणतेही औषध पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही, कारण परजीवी माशाच्या त्वचेखाली सुरक्षित असतो; आणि पुटीच्या आवरणामुळे दुसऱ्या टप्प्यातही त्याला फारसा धक्का लागत नाही. उसाच्या खोडात शिरलेल्या किडीवर पानांवरून फवारा मारून जे साधते, तेच ठिपक्यांवर औषध टाकून साधते. औषधाचा खरा मारा चालतो तो केवळ तिसऱ्या टप्प्यातील उघड्यावर पोहणाऱ्या पिलांवर. याचा अर्थ असा, की ज्या दिवशी मासा ठिपक्यांनी भरलेला दिसतो त्या दिवशी टाकलेल्या औषधाला लक्ष्य जवळजवळ नसते, आणि ज्या दिवशी मासा स्वच्छ दिसू लागतो त्याच्या आगेमागे टाकी पिलांनी भरून जाते. दुकानाचा सल्ला औषध थांबवायला सांगतो तो नेमका याच घडीला.

हे आकड्यांत मांडले की त्याचे गांभीर्य ध्यानात येते. एखाद्या माशाच्या अंगावर तीस ठिपके आहेत असे धरले आणि प्रत्येक परजीवीपासून सरासरी पाचशे पिले निघाली असे समजले, तर पंधरा हजार पिले पाण्यात येतात. त्यांपैकी शंभरातील अठ्ठ्याण्णव वाया गेली तरी तीनशे जगतात, आणि आठवडाभरात तीस ठिपक्यांच्या जागी तीनशे उभे राहतात. शौकीन या प्रसंगाचे वर्णन ‘रोग उलटला’ असे करतो आणि औषधाच्या बाटलीला किंवा नशिबाला दोष देतो. वस्तुतः रोग उलटलेला नसतो. तो आपल्या ठरलेल्या वेळापत्रकाने पुढे सरकलेला असतो आणि उपचार मध्येच सोडून देण्यात आलेला असतो. म्हणून २६ ते २८ अंशांच्या पाण्यात उपचार किमान दोन आठवडे आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून आणखी एक आठवडा चालवला पाहिजे. पाणी त्याहून थंड असेल, जसे हिवाळ्यात पुणे-नाशिककडील हीटर नसलेल्या गोल्डफिशच्या टाक्यांत असते, तर तो त्या प्रमाणात लांबवला पाहिजे.

यावर नेहमी येणारा आक्षेप अनुभवाचा असतो आणि तो प्रामाणिक असतो. अनेकांच्या टाकीत चार थेंबांनी, लसूण चोळलेल्या खाद्याने, चिमूटभर हळदीने, किंबहुना काहीच न करता रोग गेलेला असतो, आणि तो परत आलेला नसतो. हे अनुभव खोटे ठरवण्याची गरज नाही. त्यांचा लावलेला अर्थ तेवढा चुकीचा आहे. संसर्गातून वाचलेल्या माशाच्या शरीरात या परजीवीविरुद्ध विशिष्ट प्रतिकारशक्ती तयार होते, आणि परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे त्याला त्वचेत नीट ठाण मांडू देत नाहीत, हे मत्स्यरोगशास्त्रात चांगले प्रस्थापित झालेले आहे. संसर्ग हलका असेल, मासे मूळचे सुदृढ असतील आणि पाणी स्वच्छ असेल तर ही शक्ती वेळेवर उभी राहते व मासा स्वतःच्या बळावर निभावून जातो. श्रेय मात्र त्या आठवड्यात टाकीत जे काही पडले असेल त्याला मिळते. अशा माशांच्या कल्ल्यांत थोडे परजीवी ठिपके न दाखवता तग धरून राहू शकतात आणि नंतर आणलेल्या, पूर्वी कधीच संसर्ग न झालेल्या माशांवर तुटून पडतात, ही गोष्ट या अनुभवाच्या हिशेबात धरलीच जात नाही. कल्ल्यांचा संसर्ग हाच बहुतेक वेळा मृत्यूचे कारण असतो. तेथील नाजूक पडदे फुगून जाड होतात, प्राणवायू शोषला जात नाही, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि अंगावर एकही ठिपका नसताना मरतो. गोट्यांवर अंग घासणे, पर अंगाशी मिटून धरणे, कल्ल्यांची हालचाल जलद होणे ही लक्षणे ठिपक्यांच्या आधी येतात. केवळ ठिपक्यांकडे डोळे लावून बसणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आता ‘रोग पाण्यात असतोच’ या विधानाकडे वळता येईल. त्याची मोहिनी उघड आहे, कारण ते विकणाऱ्यालाही मोकळे करते आणि पाळणाऱ्यालाही: परजीवी सर्वत्र असेल तर तो कोणी आणला हा प्रश्नच उरत नाही. परंतु वर वर्णिलेले जीवनचक्र या विधानाला आधार देत नाही. माशाविना वर्षानुवर्षे पडून राहणारी, बीजासारखी सुप्त अवस्था या परजीवीला असल्याचे ज्ञात नाही. पुटी फुटतेच आणि पिलांना मासा लागतोच. त्यामुळे २६ अंशांच्या आसपासची टाकी दोन आठवडे माशांविना रिकामी ठेवली, तर ती या रोगापुरती निर्जंतुक होते. परजीवी टाकीत येतो तो बाहेरूनच: नव्या माशाच्या अंगावरून, त्याच्याबरोबरच्या पिशवीतील पाण्यातून, ओल्या जाळीवरून, किंवा माशांच्या टाकीतून उचलून आणलेल्या वनस्पतीवरील पुटीतून. ताणाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. रात्रीत पाण्याचे तापमान चार-पाच अंशांनी उतरले, वीज गेल्याने फिल्टर बंद पडला, किंवा चेन्नईच्या कोळत्तूरमधून अथवा कोलकात्याकडून प्राणवायू भरलेल्या पिशवीत दिवसभराचा प्रवास करून मासा आला, तर त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि कल्ल्यांतील चार परजीवींचे चारशे होतात. ताण दार उघडतो हे खरे. पण दाराबाहेर कोणीच नसेल तर दार उघडून काही होत नाही. ज्या टाकीत परजीवी पोहोचलेलाच नाही तेथे मासा ताणाने खंगेल, अन्य रोगाने मरेल, परंतु त्याच्या अंगावर हे ठिपके उमटणार नाहीत.

जबाबदारी झटकण्याची याहून अजब तऱ्हा वास्तूच्या नावाने मत्स्यपेटी ठेवणाऱ्या घरांत आढळते. तेथे मासा मेला की त्याने घरावरचे संकट स्वतःच्या अंगावर घेतले असे समाधान मानले जाते आणि त्याच टाकीत, त्याच पुटींनी भरलेल्या रेतीवर, दुसऱ्या दिवशी नवा मासा सोडला जातो. त्या घरावरील संकटे संपत नाहीत, यात नवल काय?

औषधांच्या निवडीबाबतही भाबडेपणा कमी नाही. निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. हे रंगद्रव्य हाइनरिश कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने तयार केले ते योगायोगाने १८७६ मध्येच, म्हणजे परजीवीच्या शास्त्रीय वर्णनाच्या वर्षी. रोग आणि औषध यांच्यातील नाते बहुधा एवढ्यावरच थांबते. माशांच्या अंड्यांवरची बुरशी रोखण्यास आणि नायट्राइटची बाधा झालेल्या माशाच्या रक्ताला सावरण्यास ते उपयोगी आहे. ठिपक्यांच्या रोगावर मात्र त्याचा परिणाम मंद आणि भरवशाचा नसलेला आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती फिल्टरमधील उपकारक जीवाणूंना. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करणारे हे जीवाणू मिथिलीन ब्लूमुळे दबतात, पाण्यात अमोनिया साचतो, आणि आधीच सुजलेल्या कल्ल्यांना दुसरा घाव बसतो. टाकीच्या कोपऱ्यांतील सिलिकॉनला कायमचा चढलेला निळा रंग हा पुष्कळदा त्या उपचाराचा एकमेव टिकाऊ परिणाम असतो.

खरोखर प्रभावी आहे ते हिरवे औषध, म्हणजे मॅलकाइट ग्रीन, विशेषतः फॉर्मेलिनबरोबर दिलेले. या जोडीची परिणामकारकता लेटू आणि मेयर यांनी १९७२ मध्ये मांडली आणि आजही व्यापारी औषधांच्या अनेक बाटल्यांत तीच असते. परंतु हे रसायन जपून हाताळण्याचे आहे. ते माशाच्या चरबीत साठते, त्याच्या जनुकीय विषारीपणाविषयी गंभीर शंका आहेत आणि म्हणूनच अमेरिकेत व युरोपीय संघात खाद्यमाशांसाठी त्याला परवानगी नाही. शोभेच्या माशांत ते वापरले जाते. तरी निऑन टेट्रासारखे लहान आणि लोचसारखे खवले नसलेले किंवा अगदी बारीक खवल्यांचे मासे ते नीट सोसत नाहीत, त्यांना निम्मी मात्रा द्यावी लागते, आणि औषध हाताळणाऱ्याने हातमोजे घालणे हा फाजील सावधपणा नव्हे. मोरचूद, म्हणजे ताम्र सल्फेट, हे आणखी जुने औषध. पण पाणी जितके मृदू तितके तांबे माशाला अधिक घातक. तलावांचे मृदू पाणी नळाला येणाऱ्या मुंबईत आणि बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या गृहसंस्थेत एकच मात्रा सांगणारा सल्लागार यांपैकी एका ठिकाणी तरी चुकतोच; शिवाय टाकीतील कोळंब्या आणि गोगलगायी दोन्हीकडे मरतात.

मात्रेची गोष्ट निघालीच आहे तर आकारमानाची सार्वत्रिक चूकही नोंदवली पाहिजे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी नेहमीची टाकी कागदावर सुमारे ५६ लिटरची भरते. तिच्यात चार सेंटिमीटर रेतीचा थर आणि वरच्या काठाखाली साडेतीन सेंटिमीटर मोकळी जागा धरली, तर प्रत्यक्ष पाणी सुमारे ४३ लिटर उरते. टाकीच्या बाह्य मापावर औषध मोजणारा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त मात्रा देतो, आणि मॅलकाइट ग्रीनसारख्या औषधात उपचार व विषबाधा यांच्यातील अंतर काही फार नसते. याउलट फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन तसाच ठेवणाऱ्याची मात्रा काही तासांत शून्यावर येते, कारण कार्बन ही रंगद्रव्ये शोषून घेतो.

या सर्व बाटल्यांच्या तुलनेत मिठाची उपेक्षा का व्हावी, हे समजणे कठीण आहे. लिटरमागे दोन ते तीन ग्रॅम मीठ पोहणाऱ्या पिलांना जाचक ठरते आणि त्याच वेळी माशाच्या मदतीला येते. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असल्याने पाणी सतत त्याच्या अंगात शिरू पाहते, परजीवींनी त्वचेला पाडलेल्या भोकांमुळे ही घुसखोरी वाढते, आणि बाहेरचे पाणी किंचित खारे झाले की तो भार हलका होतो. त्याविरुद्ध पहिला आक्षेप असतो तो स्वयंपाकघरातील मिठात आयोडीन असते, हा. त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे: आयोडीनयुक्त मिठात दशलक्ष भागांत १५ ते ३० भाग आयोडीन असते, म्हणजे लिटरमागे दोन ग्रॅम मीठ टाकल्यास पाण्यात जास्तीत जास्त ०.०६ मिलिग्रॅम आयोडीन येते, आणि एवढ्याने मासा मरत नाही. लोच आणि कोरिडोरस मीठ सोसत नाहीत हा दुसरा आक्षेप अधिक आदराने ऐकावा असा आहे. तरी मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात तीन-चार हप्त्यांत, खालच्या मात्रेपर्यंतच नेले तर हे मासेही उपचाराचे आठवडे सहसा काढतात. वनस्पतींबाबतचा आक्षेप मात्र खरा आहे. नाजूक पाणवनस्पती मिठाने झडतात, आणि लागवडीच्या टाकीतील माशांना उपचारासाठी वेगळ्या भांड्यात हलवणेच बरे. पाणी बदलल्यावर बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी साध्या पाण्याने भरावे, एवढे पथ्य पुरते, कारण मीठ वाफेबरोबर उडत नाही.

उष्णतेच्या उपायावर थोडक्यात बोलता येईल. तापमान ३० अंशांवर टिकवले तर परजीवीची वाढ सामान्यतः खुंटते. मुंबईत एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी आपोआप त्या घरात जाते. पण २७ अंशांवर हीटर लावून ‘उष्णता दिली’ म्हणणारा परजीवीचे चक्र केवळ जलद करतो, ठिपके लवकर गळतात आणि फसगतही लवकर होते. शिवाय २५ अंशांच्या संतृप्त पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तर ३० अंशांना ७.६, त्यामुळे कल्ले सुजलेल्या माशाला उष्णतेबरोबर जोरकस हवाही द्यावी लागते. गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशांवर हा प्रयोग करूच नये, आणि परजीवीचे सर्व वाण उष्णतेला सारखेच बळी पडत नाहीत हेही ध्यानात ठेवावे.

रोज तळाची रेती नळीने शोषून काढत चौथा हिस्सा पाणी बदलणे हा उपाय जाहिरातीत बसत नाही म्हणून की काय, कोणी सांगत नाही. वास्तविक तळाशी बसलेल्या पुटी फुटण्याआधीच बाहेर टाकणारे दुसरे साधन नाही. नव्या माशाला तीन आठवडे वेगळे ठेवण्याविषयी मात्र मोठ्या शहरांतून एक ठरलेले उत्तर येते: सदनिकेत दुसऱ्या टाकीला जागा नाही. या कामाला टाकी लागतच नाही. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, एक थर्मामीटर आणि टबासाठीच राखून ठेवलेली जाळी एवढ्यावर ते भागते, आणि पिशवीतील पाणी टबातही न ओतता मोरीत सोडायचे असते. दुकानात ज्या मांडणीचे सर्व खाने एकाच फिल्टरच्या पाण्यावर चालतात, तेथे पसंत केलेला मासा किती तजेलदार आहे हे पाहून काहीच सिद्ध होत नाही. शेजारच्या खान्यातील माशांचे पर मिटलेले आहेत का आणि ते श्वास किती वेगाने घेत आहेत, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे लागते.